तंबोरा प्रयोगशाळेतही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्गात संगीत असले की मुले रमतात, याबद्दल आता कुणाचे दुमत नाही. पण आमच्या भागातल्या काही शाळांनी त्याचा अर्थ ‘एक ब्लूटूथ स्पीकर घ्या’ एवढाच लावला आहे. मुले धडा वाचताहेत आणि मागे गाणी चालू! गाण्याचे शब्द कानावर आदळत असताना पुस्तकातले शब्द डोक्यात कसे शिरणार? वर ‘मोझार्टचे संगीत ऐकले की बुद्धी वाढते’ असा दाखला कुणीतरी देतोच. १९९३ चा तो प्रयोग कॉलेजच्या मोजक्या विद्यार्थ्यांवर झाला होता, आणि त्याचा परिणाम जेमतेम दहा-पंधरा मिनिटे टिकला. त्यावरून बुद्धी वाढवणाऱ्या सीडी विकल्या गेल्या, हा भाग वेगळा.

मी मिरज तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आठवीला ‘ध्वनी’ हा धडा आहे. फळ्यावर तरंगाची आकृती काढली की निम्मा वर्ग खिडकीबाहेर. म्हणून मी ओळखीतल्या एका भजनी मंडळाचा जुना तंबोरा वर्गात आणते. तारेवर कागदाच्या चिमुकल्या घड्या ठेवायच्या आणि मीटरपट्टीने मोजून बरोबर एक तृतीयांशावर बोट हलकेच टेकवायचे. मग आखूड बाजूला तार छेडायची. घड्या टपाटप उडतात, पण दोन तृतीयांशावरची, जिथे कुणी हातही लावलेला नाही, ती जागची हलत नाही. ‘मॅडम, हिला चिकटवलीय काय?’ हा प्रश्न ठरलेला. पुढची वीस मिनिटे मला शिकवावे लागत नाही, फक्त भांडणे सोडवावी लागतात. मध्यावर बोट ठेवले की वरचा सा आणि तिसऱ्या हिश्शावर त्याच्याही वरचा पंचम, हे मुलांना कानानेच कळते. कंपनसंख्या दुप्पट-तिप्पट होते, हे त्यानंतर. एरवी तोंड न उघडणारा, घरी भजनात टाळ धरणारा मुलगा त्या दिवशी सगळ्यांना सूर ओळखून दाखवतो. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातच विचारणा होते, ‘आज तंबोरा हाय का?’ प्रकाशाच्या धड्याला असे कुणी विचारलेले मला आठवत नाही.

आणि हे सगळे मिरजेत करायचे म्हणजे अवघड ते काय! किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथे राहिले. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळ्यापासून तंबोरा घडवणे आणि घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, दोरा सरकवून जवारी (तारेचा घुमारेदार झंकार) लावणे, हे जगभरचे गवई इथल्या कारागिरांकडून करून घेतात. आमच्या शाळांतली कितीतरी मुले मात्र सतारमेकर गल्लीत कधी गेलेलीच नाहीत.

माझी मागणी साधी आहे. जिल्हा परिषदेने आणि खासगी संस्थाचालकांनी प्रयोगशाळेच्या साहित्य खरेदीत एका तंबोऱ्याची तरतूद करावी. नवाच हवा असे नाही. पॉलिश गेलेला, पण सुरात लागणारा जुनाही चालेल. शाळांत ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आहेच, त्यातल्या एखाद्या शनिवारी जवळच्या कारागिराला शाळेत बोलवावे. त्याला शाल-श्रीफळाऐवजी रीतसर मानधन द्यावे, आणि ते त्याच दिवशी.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, मिरज तालुका