टोळ्या निघायच्या आत : महिला मंडळाचे आवाहन

समस्त गावकरी, भगिनी आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला असलेले आपले लोक, सप्रेम नमस्कार.

ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, वाटून झाली, टोळ्या ठरल्या. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला फडावर जाईल. त्याआधी बायांची तपासणी उरकायची आहे, म्हणून घाईत लिहिते आहे.

मंडळाने आजवर केलं ते तुमच्याच जिवावर. तळ्याकडच्या आजींनी सलग तीन वर्षं शिबिराला घराची पडवी दिली. भाड्याचं विचारलं तर रागावल्या. गुरुजींनी पेन्शनीतून रक्तदाबाचं यंत्र आणलं आणि दिवसभर उन्हात उभं राहून रांग लावली. आशाताईंनी तांड्यावर चालत जाऊन एकेकीच्या हिमोग्लोबिनची वही ठेवली. त्या वहीमुळेच मागच्या साली दोघी वेळेत दवाखान्यात पोचल्या.

२०१९ साली सरकारी समितीसाठी आपल्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली. १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आपल्या गावातल्या कोण, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला एकच जोडी धरतात. खाडा झाला की मजुरी जाते, वर दंड. फडावरच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, न्हाणी नाही, पाळीतही मोळ्या वाहायच्या. लग्न कोवळ्या वयात, दोन लेकरं झाली की घरचेच म्हणतात, काढून टाक, कटकट मिटेल. अंगावरून जाणं बहुतेकदा औषधाने बरं होतं, हे तिला कुणी सांगतच नाही. मग तिशीतच पोरी कंबर धरून बसतात.

गेल्या वर्षीही हे पत्र फिरवलं होतं. सप्ताहाच्या पंगतीला जागा पुरत नाही त्या गावात वर्गणीच्या अकराच पावत्या फाटल्या. ‘बायांचं दुखणं’ म्हणून बैठकीतून माणसं उठून गेली. फार लागलं ते मनाला.

शिबिर घटस्थापनेआधीच्या रविवारी, सकाळी ९ वाजता, शाळेत. लेडी डॉक्टर, सोनोग्राफी, कापडी घड्या, साबण धरून एकीमागे ४५० रुपये. बाया १२०, म्हणजे ५४,००० रुपये. गुरुजींचे ५,००० आले आहेत. पैसे खजिनदारबाईंकडे द्यावेत, पावती घ्यावी. बाहेरगावच्यांना खाते क्रमांक फोनवर कळवू. सुती जुन्या साड्याही चालतील, धुतलेल्या. जीपवाल्यांनी तांड्यावरच्या बायांना आणावं-पोचवावं. टोळ्या नेणाऱ्या मुकादमांनी आपापल्या टोळीतल्या बायांची नावं बुधवारपर्यंत द्यावीत आणि त्या दिवशी कुणाला कामाला बोलावू नये.

आपली,
चिटणीस, महिला मंडळ