वाघ दिसला, पण कोणत्या शिवारात?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मी सिंदेवाही तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सकाळची एसटी आली का, धानाला काय भाव निघाला, कुणाच्या बोडीत कमळं फुलली, कॉलेजच्या भिंतीवर कोणता किडा सापडला, असं काहीबाही रोज मोबाईलच्या स्टेटसला टाकते. आईच्या मते हे रिकामे धंदे. पण गावातले बरेच जण ते पाहतात. निम्मे तर फक्त एसटीसाठी.

यंदा मोहाच्या हंगामात गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. वाघ रस्ता ओलांडतोय आणि खाली लिहिलंय, 'आपल्याच जंगलात, सावधान.' तीन दिवस बाया मोह वेचायला गेल्या नाहीत. मोहफूल पहाटे गळतं. सकाळी वेचलं नाही तर रानडुकरं, हरणं खाऊन जातात. ते तीन दिवस बुडाले ते बुडालेच. मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. कडेला कमरेइतकं हिरवं गवत आणि पानांनी गच्च भरलेले साग! आमच्याकडे चैत्रात साग उघडाबोडका असतो. म्हणजे व्हिडिओ पावसाळ्यातला, कुठला कोण जाणे. तसं मी स्टेटसला लिहिलं आणि मोठ्या ऐटीत आजीला वाचून दाखवलं.

आजी म्हणाली, "व्हिडिओ खोटा असन, पन वाघ तं खरा हाये ना पोरी? मंग सांग, उद्या कोन्या बाजूनं जाऊ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ब्रह्मपुरी वनविभागातल्या गावांना वाघ नवा नाही, आणि दरवर्षी मोहाच्या, तेंदूच्या दिवसांत वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात. म्हणून आपलं दैनिक उघडलं. बातमी होती, 'तालुक्यात वाघाची दहशत'. गाव नाही, शिवार नाही, कोणत्या दिवशी दिसला तेही नाही. माफ करा, पण ग्रुपवरचा व्हिडिओ आणि ही बातमी, दोन्हींचा आजीला उपयोग सारखाच.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आमच्या तालुक्यातल्या लाडबोरीत आभाळातून धातूचं भलंमोठं कडं पडलं. मी तेव्हा शाळेत होते. कुणी उल्का म्हणे, कुणी विमान, कुणी क्षेपणास्त्र. पण लोकांनी जळत्या रेषांचे व्हिडिओ टाकले त्यांना दिवस होता, वेळ होती, ठिकाण होतं. ते जुळवूनच जाणकारांनी अंदाज बांधला की तो २०२१ च्या फेब्रुवारीत सुटलेल्या चिनी रॉकेटचा तुकडा असावा. आभाळातल्या कड्याचा पत्ता लागतो, आमच्या वाघाचा लागत नाही!

गावाचं नाव पूर्ण लिहायची सवय मला एका फजितीनं लागली. एचएमटी तांदळाचं वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे नांदेडचे, असं मी एकदा टाकलं. शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून निवडून त्यांनी ते वाण केलं आणि त्या काळच्या घड्याळावरून त्याला नाव पडलं. लगेच दहा जणांचं उत्तर, 'मराठवाड्यातले का?' अहो, नांदेड आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातलं! रोज तोच भात खाणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं, आणि चूक माझीच, तालुका लिहिला नव्हता.

तेव्हा विनंती एवढीच, की वाघाची बातमी दोन ओळींचीच छापा, पण गाव, शिवार, दिवस आणि वेळ घाला. वनरक्षकाला ते माहीत असतं, विचारलं की सांगतो. मथळ्यातली 'दहशत' काढली तर तेवढी जागा सहज निघेल. मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू होईल. आजीकडे फोन नाही. ती माझ्याकडून पेपर वाचून घेते आणि म्हणते, "बाकी राहू दे, वाघाचं वाच."

आपली,
एक विद्यार्थिनी
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर