आमची मॅच आम्हाला परत देणाऱ्या निवेदकाला

प्रिय निवेदक भावा,

तुझं नाव मला माहीत आहे, पण इथं घालत नाही. मॅच सुरू असताना तू स्वतः कधी नाव सांगत नाहीस, तेव्हा मीही सांगणार नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल मॅच मोबाईलवर लाइव्ह लागतात, त्यातला हा आवाज कुणाचा ते पेठांत सगळ्यांना ठाऊक आहे. पत्र मी बोलतोय आणि नात टाइप करून घेते आहे. फोन करून आभार मानता आले असते. पण तू जे केलंस ते चारचौघांत सांगावं, माइक हातात धरणाऱ्या इतर पोरांच्याही कानावर जावं, म्हणून हे उघड पत्र.

मी मंगळवार पेठेतला, पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचा पाठीराखा. लहानपणापासून गॅलरीत बसून मॅच बघितल्या. पुढं काचबिंदू निघाला. या दुखण्यात नजर कडेकडेनं जाते, मधलं शेवटपर्यंत राहतं. त्यामुळं पहिली काही वर्षं बॉल दिसायचा, बॉल ज्याच्या पायात आहे तो दिसायचा, पण पलीकडच्या अंगानं कोण पळत सुटलाय ते दिसायचं नाही. फुटबॉलमध्ये तेच तर बघायचं असतं! पास निघायच्या आधी तो कुठं जाणार हे ज्याला कळतं त्यालाच मॅचची गोडी. मग मधलंही गेलं. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टरांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. (हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे त्यांनी डोळ्यांचा दाब एकदा तपासून घ्या. काचबिंदू बहुतेकदा सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही.)

स्टेडियमला जाणं सुटलं. लोक म्हणाले, टीव्ही लावा, आवाज तरी ऐका. लावून बघितला. टीव्हीवरची फुटबॉलची कॉमेंट्री न बघता ऐकली की तिच्यातलं रितेपण कळतं. चित्र समोर आहे म्हटल्यावर बोलणारे बॉलबद्दल बोलतच नाहीत. खेळाडूला किती कोटी मिळाले, त्याचा गेला सीझन कसा गेला, त्याच्या हातावर काय गोंदलंय, सगळं सांगतात. मध्येच एकदम ओरडतात. गोल झाला की हुकला, हुकला तर कशानं, हे आपण घरातल्या माणसाला विचारायचं. घरातली माणसं प्रेमानं सांगतात, पण प्रत्येक कॉर्नरला कुणाला तरी विचारत बसणं जिवावर येतं. मी हळूहळू विचारणं बंद केलं आणि मग टीव्हीही बंद केला.

भाषेचंही आहेच. इंडियन सुपर लीगची कॉमेंट्री केरळवाल्यांना मल्याळममध्ये मिळाली, बंगालला बंगालीत मिळाली. मराठीत माझ्या कानावर तरी आली नाही. आयपीएल २०२३ मध्ये मोबाईलवर मराठीत ऐकता आली, म्हणजे मनात आणलं तर होतं. विश्वचषक आला की अर्धं कोल्हापूर ब्राझीलचं आणि अर्धं अर्जेंटिनाचं होतं, चौकाचौकात कटआउट लागतात. २०१७ मध्ये आपला अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. भारत तिन्ही सामने हरला, तरी या गावची छाती फुगली. अशा गावाला फुटबॉल आपल्या भाषेत ऐकायला मिळू नये, याचं मला वाईट वाटतं आणि ते मी दडवत नाही.

तर मुख्य गोष्ट. तुमच्या पोरांनी मॅच लाइव्ह दाखवायला सुरुवात केली तेव्हा नातीनं मोबाईल माझ्या उशाशी ठेवला. तुझा आवाज पहिल्यापासून खणखणीत, त्यात उत्साह होता, पण तूही बघणाऱ्यांसाठीच बोलत होतास. ‘काय टाकलाय बॉल!’ म्हणायचास. कुणी टाकला, कुठून कुठं टाकला, ते नाही. नातीनं तुला मेसेज केला की आमच्या आजोबांना दिसत नाही, बॉल कुठं आहे तेवढं सांगत जाल का. मी तिला नको म्हणत होतो. बघणारे शेकडो, त्यात एका म्हाताऱ्यासाठी कोण बोलणं बदलणार, असं माझं म्हणणं. तू त्याच रात्री तिला फोन केलास. काय हवंय ते मलाच विचारलंस. आणि तेवढ्यावर न थांबता दुसऱ्या दिवशी पहिल्या मॅचची रेकॉर्डिंग लावून, चित्राकडं पाठ करून, स्वतःचीच कॉमेंट्री ऐकलीस. हे तू मला सांगितलं नाहीस, तुझ्या कॅमेरावाल्यानं सांगितलं.

त्यानंतरची पहिली मॅच मला अजून कानात आहे. “बॉल पाटाकडीलच्या सातकडं. मधल्या रेषेच्या पुढं, डाव्या अंगाला. समोर एक आडवा. त्याला काढला... आत घातला, डीच्या तोंडावर, हेड... बाहेर! उजव्या खांबाच्या हातभर बाहेर.” आधी संघ, मग खेळाडू, मग जागा, मग घडलं ते. कितीतरी वर्षांनी मला हुकलेला गोल दिसला. हातभर बाहेर म्हटल्यावर जी हळहळ वाटते ती मी विसरून गेलो होतो.

तू आणखी काय काय केलंस तेही सांगतो, कारण या गोष्टी बारीक आहेत आणि डोळसांच्या ध्यानात येत नाहीत. ‘निळा संघ’, ‘लाल संघ’ म्हणणं सोडून संघाचं नाव घ्यायला लागलास. दर चार-पाच मिनिटांनी स्कोअर आणि वेळ सांगतोस, मोबाईल उशिरा लावणाऱ्याचंही त्यानं काम होतं. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की मोबाईलमध्ये बघताना आता कोण डावीकडून उजवीकडं खेळणार ते मुद्दाम सांगतोस. पंचांची शिट्टी वाजली की आधी कशाची ते सांगतोस, फाउल की ऑफसाइड, आणि मग तुझं मत. आणि काही घडत नसेल तेव्हा गप्प बसतोस. त्या गप्प बसण्यात मला गॅलरी ऐकू येते, ढोल-ताशा ऐकू येतो, कुणीतरी ‘अरं, सोड की बॉल!’ म्हणून ओरडलेलं ऐकू येतं. टीव्हीवाल्यांना एवढं एक जरी शिकता आलं तरी पुष्कळ.

आमचं घर स्टेडियमपासून लांब नाही. वारा इकडचा असला की तिथला गलका खिडकीतनं येतो. लाइव्ह मात्र मागं चालतं, कधी वीस सेकंद, कधी अर्धं मिनिट. म्हणजे आधी गलका येतो, काहीतरी मोठं झालंय एवढं कळतं, पण कुणाचं झालं ते नाही. मोबाईलमध्ये अजून बॉल मधल्या रेषेवर असतो. तुझं बोलणं पुढं सरकतं तसा मी अंदाज बांधतो, आता हा देईल, आता तो मारेल. गॅलरीत बसून पासचा अंदाज बांधायचो तसाच. नातीला आता सवय झालीय, गलका आला की ती खिडकी लावायला उठते. मी तिला लावू देत नाही.

तिनं मला एक गोष्ट वाचून दाखवली, ती तुला कळलीच पाहिजे. इंग्लंडमध्ये बीबीसीनं जानेवारी १९२७ मध्ये रेडिओवरून मैदानी खेळांची धावती कॉमेंट्री सुरू केली. आधी इंग्लंड आणि वेल्सची रग्बीची मॅच, मग आठवड्याभरात आर्सेनल आणि शेफिल्ड युनायटेडची फुटबॉलची. बोलणारा होता टेडी वेकलम. त्याला असं काम करायचा अनुभव नव्हता, तो तिथं कुणालाच नव्हता. तेव्हा निर्मात्यानं काय करावं? एका अंध माणसाला त्याच्यापाशी आणून बसवलं आणि सांगितलं, या माणसाला मॅच समजावून सांग. फुटबॉलच्या मॅचसाठी तर मैदानाचे आठ चौकोन पाडून त्याचा नकाशा साप्ताहिकात छापला होता, आणि बॉल कितव्या चौकोनात आहे ते दुसरा माणूस अधूनमधून बोलायचा. म्हणजे बघ, ही कला तिथं जन्मली तीच न दिसणाऱ्या माणसाला समोर धरून. टीव्ही आला आणि तो माणूस बाजूला पडला. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात अंध प्रेक्षकांसाठी वेगळी वर्णनाची कॉमेंट्री ठेवली होती, अरबी आणि इंग्रजीत. कतारला त्यासाठी केवढी यंत्रणा लागली असेल. तू ते कोल्हापुरात एका माइकवर, आपल्या बोलीत करतोस.

आपल्याकडं याचं मूळ नाही असं समजू नकोस. क्रिकेट मराठीत रेडिओवरून ऐकवणारे बाळ ज. पंडित माझ्या पिढीला चांगले आठवतात. पण क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये बोलायला सवड असते, फुटबॉलमध्ये ती मिळत नाही. तुझ्या बोलण्याची नाळ मला कुस्तीच्या मैदानाशी जुळलेली वाटते. शाहू महाराजांनी खासबाग १९१२ मध्ये असं बांधून घेतलं की कुठंही बसा, आखाडा दिसतो. तरीसुद्धा तिथं निवेदक लागतोच. पैलवान कुठल्या गावचा, वस्ताद कोण, कुठल्या तालमीत मेहनत करतो, आणि लढत सुरू झाली की पट काढला, ढाक लावली, घिस्सा मारला, डावासरशी नाव. आपले पुष्कळ फुटबॉलचे संघ त्या तालमींतूनच निघाले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, सगळ्यांच्या नावात ती आहे. तू एखादा नवा पोरगा मैदानात उतरला की तो कुठल्या गल्लीतला, कुठल्या शाळेकडून खेळायचा, ते दोन वाक्यांत सांगतोस. तेव्हा मला खासबागेत बसल्यासारखं वाटतं.

आणि तुझं सगळ्यात मोठं काम. तू शिवाजी पेठेतला आहेस, हे मला फार उशिरा कळलं. तुझ्या बोलण्यावरून कळलं नव्हतं. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच म्हणजे काय असते ते बाहेरच्याला सांगून समजणार नाही, पेठा जाग्या असतात. त्या मॅचला तू पाटाकडीलचा गोल जसा सांगितलास तसाच शिवाजीचा सांगितलास. आवाज तितकाच चढला. बाटल्या आत पडल्या तेव्हा बाटल्या पडल्या असं सरळ सांगितलंस, झाकलं नाहीस. पण कुठल्या पेठेच्या पोरांनी टाकल्या ते माइकवर बोलला नाहीस. हुल्लडबाजीपायी या गावात मॅच थांबल्या आहेत, स्पर्धा बंद पडल्या आहेत, आणि त्यात खेळणाऱ्या पोरांचे सीझन वाया गेले आहेत. मोबाईलवर हजार माणसं ऐकत असताना एक चुकीचा शब्द गेला तर रात्री चौकात त्याचं काय होईल, हे तुला कळतं. पुष्कळ मोठ्या माणसांना कळत नाही.

संघांबद्दलचं माझं मत तुला माहीत आहे, फोनवर आपण त्यावर भांडलोही आहोत, तरी इथं नोंदवतो. आफ्रिकेतून येणारी पोरं मेहनती आहेत, त्यांच्यामुळं खेळाचा वेग वाढला, हे मी ऐकूनसुद्धा सांगू शकतो. पण गोल मारायची जागा प्रत्येक संघ बाहेरच्याला देऊन बसला तर आपला आघाडीचा खेळाडू तयार कसा होणार? बचावाला आपली पोरं, मधे आपली पोरं, आणि शेवटचा पाय पाहुण्याचा. आमच्या पाटाकडीलनंही याचा विचार करावा. दुसरं, दहा मिनिटं उरली आणि एक गोलची आघाडी असली की सगळे संघ बॉल उंच उडवत बसतात. तुझ्याच तोंडून ते ऐकतो, “पुन्हा उंच, पुन्हा थ्रो.” खाली ठेवून खेळा की, पाय चांगले आहेत तुमचे! केएसएनं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशननं, एवढी वर्षं लीग टिकवली याचं मला कौतुक आहे. त्यांनी मॅचआधी दोन्ही संघांची यादी नंबरासह तुझ्या हातात वेळेवर द्यावी, ही माझी त्यांना विनंती. बदली खेळाडूचं नाव कळेपर्यंत तुझी जी धावपळ होते ती ऐकू येते रे.

तुझ्याकडंही एक मागणं आहे. टायब्रेकरला तू किक मारणारा नीट सांगतोस, गोल की अडवला तेही सांगतोस, पण गोलकीपर कुठल्या बाजूला गेला ते कधी कधी राहून जातं. अडवणारा बरोबर बाजूला गेला होता आणि तरी गोल झाला, की तो भलतीकडंच गेला, यात फार फरक आहे. तेवढं सांगत जा. आणि तुझ्याबरोबर जो दुसरा मुलगा आता बोलायला लागलाय, त्याला एकदा मोबाईल पालथा ठेवून मॅच ऐकायला लाव. त्याचा आवाज चांगला आहे, फक्त तो अजून ‘काय टाकलाय बॉल’ वर आहे.

सीझन संपला की घरी ये. कॅमेरावाल्यालाही आण. तांबडा-पांढरा करायला सूनबाईला सांगून ठेवलंय.

तुझा,
मंगळवार पेठेतला एक श्रोता