सूचना : पाळी लवकर गेलेल्या सदस्यांनी शनिवार चुकवू नये
बचत गटाच्या सर्व सदस्यांना, तासगाव.

शनिवारी हप्ता गोळा करण्याआधी उपकेंद्रातल्या सिस्टर बीपी आणि शुगर तपासणार आहेत. चारला या. विरळणीला गेलात तर थेट द्राक्षबागेतून या, कपड्यांना कुणी नावं ठेवणार नाही.

ज्यांची पाळी ४५ च्या आत गेली त्यांनी यावंच. ४० च्या आत गेली असेल तर सबब चालणार नाही. पाळी जाताना इस्ट्रोजेन घटतं, वाईट कोलेस्टेरॉल चढतं. पाळी जितकी लवकर जाते, तितका हृदयविकाराचा धोका जास्त. पिशवी काढलेल्यांनी ऑपरेशनचा कागद आणावा. अंडाशयंही काढली होती का, हे त्यावरून कळेल. ‘सुटले एकदाची’ म्हणत तो ट्रंकेच्या तळाशी टाकलेल्या आपल्यात बऱ्याच आहेत! कोलेस्टेरॉलसाठी रक्त कधी द्यायचं ते डॉक्टरांना विचारू.

मशेरीवाल्यांनो, तीही तंबाखूच. आता सोडा.

आणखी एक. छातीत कळ नसली तरी अचानक दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, घाम, मळमळ हा हार्ट अटॅक असू शकतो. पित्त समजून सोडा पिऊन झोपू नका, १०८ ला फोन करा.

– अध्यक्ष व सचिव