भाऊजींचे पॉइंट आणि तुझी सही

सातारा

चि. सौ. मधुरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाडी मर्यादेपेक्षा जास्त वेगाने गेल्याबद्दल तुझ्या थोरल्या दिरांच्या नावे इंग्लंडच्या पोलिसांकडून आलेल्या नोटिशीचे फोटो मिळाले. ते मोठे करून सगळे वाचले, मागच्या बाजूची बारीक अक्षरेसुद्धा. फोनवर तू म्हणालीस की भाऊजींच्या लायसन्सवर आधीच्या वाहतूक गुन्ह्यांचे नऊ दंड-पॉइंट आहेत, आणखी तीन पडून बारा झाले तर किमान सहा महिने गाडी चालवता येणार नाही आणि फिरतीची नोकरी जाईल. तुझे लायसन्स कोरे असल्यामुळे गाडी तूच चालवत होतीस असे लिहून द्यावे, शंभर पौंड ते भरतील, असे घरात ठरत आहे. सासूबाईंनीही पुण्याहून फोन करून "घरचीच गोष्ट आहे" असे सांगितले. फोनवर अशा वेळी बोलणे अर्धवट राहते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधी सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना तुला अंदाज बांधत बसावे लागणार नाही. ही सही तू करू नयेस.

त्या कागदाची रचना नीट पाहा. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याने, त्या वेळी चालक कोण होता, हे 28 दिवसांत कळवायचे आहे. भाऊजींनी तुझे नाव लिहिले की प्रकरण तिथे मिटत नाही. पोलिसांकडून दुसरी नोटीस निघते आणि ती तुझ्या नावाने, तुझ्या पत्त्यावर येते. "होय, मीच चालवत होते" असे तिच्यावर तू स्वतः लिहून खाली सही करायची असते. घरात या सगळ्याला "तीन पॉइंट घेणे" असे सोपे नाव पडले आहे. प्रत्यक्षात मात्र एक खोटा जबाब भाऊजी देणार आणि दुसरा तू देणार. वेग जास्त असणे हा दंड भरून संपणारा गुन्हा आहे. खोटे नाव देऊन न्यायाचे काम भलत्या दिशेला नेणे हा इंग्लंडच्या कायद्यात फौजदारी गुन्हा असून त्याची कमाल शिक्षा जन्मठेप आहे. एवढी शिक्षा अशा प्रकरणात कोणी देत नाही, पण तुरुंग होतो, आणि तो मोठमोठ्यांना झालेला आहे.

क्रिस ह्यून या माजी ब्रिटिश मंत्र्याचे प्रकरण तू तिथे गेलीस त्याच्या आधीचे आहे. मार्च 2003 मध्ये स्टॅनस्टेड विमानतळाहून लंडनकडे येताना एम-11 रस्त्यावर त्यांची गाडी कॅमेऱ्यात सापडली. लायसन्स जाईल या भीतीने ते पॉइंट पत्नी विकी प्राइस यांनी आपल्या नावावर घेतले. गंमत अशी की त्याच वर्षी गाडी चालवताना मोबाइलवर बोलल्याबद्दल ह्यून यांचे लायसन्स तरीही गेलेच, म्हणजे ज्यासाठी खटाटोप केला ते काही महिनेसुद्धा टिकले नाही. पुढे आठ वर्षे कोणाला काही कळले नाही. मग संसार मोडला, आणि 2011 मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली. ह्यून यांनी मंत्रिपद सोडले, खटला उभा राहिल्यावर गुन्हा कबूल केला, आणि मार्च 2013 मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. नवऱ्याने भाग पाडले असा बचाव प्राइस यांनी घेतला होता. त्या काळी तसा बचाव कायद्यात होता, पण ज्यूरीने तो मानला नाही आणि दुसऱ्याच वर्षी तो कायद्यातूनही काढून टाकण्यात आला. तो होता तेव्हाही फक्त पत्नीसाठी होता. भावजयीला तो कधीच नव्हता.

त्या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब शिक्षेची नाही. त्यांचे खोटे कॅमेऱ्याने पकडले नव्हते, पोलिसांनीही नाही. नाते बिघडले तेव्हा ते उघड झाले. आज तुमच्या दोन्ही घरांत गोडी आहे आणि ती तशीच राहो. परंतु उद्या पुण्याच्या फ्लॅटवरून, सासूबाईंच्या आजारपणावरून, मुलांवरून दोन भावांत किंवा जावाजावांत बिनसले, तर ती सही दोघांच्याही हातात राहील: तुझ्या हातात त्यांची मान आणि त्यांच्या हातात तुझी. असे गुपित नात्याला बळकटी देते असे लोकांना वाटते, आणि काही काळ ते खरेही असते. पुढे त्या गुपितापायी माणसे एकमेकांना नीट रागावूसुद्धा शकत नाहीत.

आपल्याकडे हे नवीन नाही. जिल्हा न्यायालयात नोकरी करताना मोटार अपघाताच्या दाव्यांचे गठ्ठे माझ्या हाताखालून गेले, आणि "ड्रायव्हर उभा करणे" हा शब्दप्रयोग तिथल्या व्हरांड्यात चहाइतका सर्रास होता. गाडी चालवलेली असते मालकाच्या मुलाने, त्याच्याकडे परवाना नसतो. विमा कंपनी भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करील या धास्तीने परवाना असलेल्या पगारी माणसाला पुढे केले जाते. एका प्रकरणातला तो चालक मला चांगला आठवतो. इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून तो साक्षीला उभा राहिला. विमा कंपनीच्या वकिलांनी आवाज न चढवता विचारले की धडक बसल्यावर दार उघडले का, की दुसऱ्या बाजूने उतरलात, आणि गाडीचे तोंड तेव्हा कुठल्या दिशेला होते. पाठ केलेल्या जबाबात हे काहीच नव्हते. तो मालकाकडे पाहू लागला आणि मालक पंख्याकडे. मालकाने कबूल केलेले पैसे पहिल्या काही तारखांपर्यंतच पोचले, असे त्याने नंतर बाहेरच्या बाकावर बसून स्वतःच सांगितले.

19 मे 2024 ला पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण इंजिनीअरांचा बळी घेतला, त्यानंतरही आरोपी मुलाच्या कुटुंबाच्या चालकाने गुन्हा आपल्या अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबून दबाव आणल्याचा आरोप झाला. भाऊजींचे प्रकरण आणि ते प्रकरण यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मला कळते. इथे कोणाला ओरखडाही उठलेला नाही. पण कोणाला पुढे करायचे हे ठरताना घरातले पगारी माणूस, धाकटी सून, कालपरवा परदेशात आलेली मुलगी, म्हणजे ज्याला नाही म्हणणे जड जाते असेच माणूस निवडले जाते, हे दोन्हीकडे सारखे आहे.

आता तुझ्यापुरते. भाऊजींची गाडी कॅमेऱ्यात सापडली त्या दुपारी तू रुग्णालयात ड्यूटीवर होतीस, तुझी हजेरी तिथे नोंदलेली आहे. काही कॅमेरे समोरून फोटो काढतात, त्यात चालकाचा चेहरा येऊ शकतो. पोलिसांकडे कोणता फोटो आहे हे भाऊजींनाही ठाऊक नाही. इंग्लंडचे लायसन्स मिळून तुला दोन वर्षे झालेली नाहीत, आणि नव्या चालकाला त्या मुदतीत सहा पॉइंट झाले तर लायसन्स रद्द होऊन परीक्षा पुन्हा द्यावी लागते. म्हणजे तुझी अर्धी शिल्लक तू दुसऱ्यासाठी खर्चून टाकणार. विमा कंपनी विचारील तेव्हा हेच खोटे तिथेही सांगावे लागेल. आणि फार्मासिस्ट म्हणून तुझी नोंदणी, पुढे कायम वास्तव्याचा आणि नागरिकत्वाचा अर्ज, या सगळ्यांत वेगापेक्षा खोटेपणाचा डाग कितीतरी पटीने जड ठरतो. ती नोंदणी मिळवण्यासाठी तू रात्ररात्र जागून अभ्यास केलास.

भाऊजींची अडचण खरी आहे आणि तिच्यावर सरळ वाटाही आहेत, ते त्यांना अवश्य सांग. जुन्या नऊ पॉइंटांच्या तारखा त्यांनी काढून पाहाव्यात. जो गुन्हा या गुन्ह्याच्या तीन वर्षांहून आधी घडला आहे, त्याचे पॉइंट बंदीच्या बेरजेत धरत नाहीत. वेग मर्यादेच्या थोडाच वर असेल आणि गेल्या तीन वर्षांत त्यांनी वेगासंबंधीचा वर्ग केलेला नसेल, तर पोलीस पॉइंटांऐवजी त्या वर्गाला बसण्याची सवलत देऊ शकतात. बारा पॉइंट झालेच, तर न्यायालयापुढे उभे राहून असाधारण हालअपेष्टा होतील असे शपथेवर मांडता येते, आणि दंडाधिकाऱ्यांना पटले तर बंदी कमी होते किंवा टळते. केवळ स्वतःच्या गैरसोयीने भागत नाही. कुटुंबातल्या कोणाची आबाळ होणार असेल तर ते मांडावे लागते. त्यासाठी वाहतुकीची कामे करणारा सॉलिसिटर गाठावा. फीची अडचण असेल तर तुम्ही दोघांनी हातभार लावा, मीही लावीन. बंदी आलीच तर आठवड्यातून एक-दोन दिवस त्यांना कामाच्या ठिकाणी सोडायला जा. ही मदत मोठी आहे आणि ती चारचौघांत सांगता येते.

नकार मात्र तू एकटीने देऊ नकोस. आधी जावईबापूंशी बोल. हे पत्र त्यांना वाचून दाखवलेस तरी चालेल. मग दोघांनी मिळून भाऊजींना सांगा, शक्यतो वहिनींच्या समोर, आणि मुलांच्या समोर नको. लांबलचक कारणे देत बसू नका. "भाऊजी, सही मी करणार नाही, पण वकिलाकडे आजच जाऊ," एवढे पुरे. ते रागावतील, काही दिवस बोलणार नाहीत. सासूबाईंचा फोन पुन्हा आला तर त्यांना माझा नंबर दे. व्याह्याने दोन शब्द ऐकून घेतले तर त्यात काही कमीपणा नाही.

उत्तर अजिबात न देणे हाही मार्ग कोणी सुचवील. तो घेऊ नये. माहिती न दिल्याबद्दल सहा पॉइंट आणि हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. फोटोत नोटिशीच्या तारखेवर घडी आली आहे, ती तारीख मला कळव आणि त्यापासून 28 दिवस कॅलेंडरवर मोजून ठेव. भाऊजींनी आपले खरे नाव लिहून फॉर्म मुदतीत पाठवावा, त्याची प्रत काढावी आणि टपालाची पावती जपून ठेवावी.

आईचे आशीर्वाद. चिंटूला गोड पापा.

तुझा
बाबा