हमीपत्रावर सही झाली म्हणून शुश्रूषा केंद्राची जबाबदारी संपते काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी 84 वर्षांची आत्या गेल्या वर्षी सांगली शहरालगतच्या एका खासगी वृद्ध शुश्रूषा केंद्रात साडेचार महिने होती. मांडीचे हाड मोडल्याने ती अंथरुणाला खिळली होती. दरमहा 18 हजार रुपये, डायपर आणि औषधे वेगळी, असे ठरले होते. दर रविवारी आम्ही भेटायला जात असू, तेव्हा तिचे केस विंचरलेले असत आणि अंगावर स्वच्छ पांघरूण असे. ते पांघरूण बाजूला करून पाहावे, हे आम्हा कोणालाच सुचले नाही; तो दोष मी आधी आमच्या पदरात घेतो. ताप उतरेना म्हणून तिला मिरजेला हलवले, तेव्हा माकडहाडावर हाडापर्यंत गेलेली जखम निघाली. एकाच जागी दाब पडून अशी जखम होऊ नये म्हणून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, हे कोणतीही परिचारिका सांगेल. त्याची नोंदवही आम्ही मागितली. नोंदवहीऐवजी चालकांनी प्रवेशाच्या दिवशी माझी सही घेतलेले हमीपत्र पुढे केले: 'रुग्णाचे काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.' पुढे सव्वा महिन्यात आत्या गेली.

मी सहकारी बँकेत तीस वर्षे कर्जाची कागदपत्रे तपासली आहेत, त्यामुळे सहीची किंमत मला ठाऊक आहे. परंतु पैसे घेऊन जी शुश्रूषा पत्करली तीच न करण्याची मुभा अशा एका ओळीने मिळते, हे मला पटले नाही, म्हणून कायदा वाचला. आजाराने किंवा शारीरिक दुर्बलतेने असहाय झालेल्या व्यक्तीची देखभाल करण्यास जो कायदेशीर कराराने बांधलेला आहे, त्याने ती जाणूनबुजून टाळली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 357 प्रमाणे तो गुन्हा आहे. ही तरतूद नवी नाही. 1860 च्या भारतीय दंड संहितेत ती कलम 491 म्हणून होतीच. मात्र शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा दंड आत्याच्या एका महिन्याच्या शुल्काच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही भरत नाही. शिवाय गुन्हा अदखलपात्र आहे. याउलट, ज्याच्याकडे ज्येष्ठाचा सांभाळ आहे त्याने त्याला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कुठे सोडले, तर ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 24 खालील तो गुन्हा दखलपात्र ठरतो. म्हणजे आईला एसटी स्टँडवर सोडून जाणाऱ्या मुलावर पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. पण महिन्याला 18 हजार घेऊन तिला कुशीवरसुद्धा न वळवणाऱ्याविरुद्ध कलम 357 खाली तपास करायचा, तर आधी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

निष्काळजीपणाने गंभीर दुखापत झाल्यास कलम 125 आणि मृत्यू झाल्यास कलम 106 ही न्याय संहितेतीलच अधिक कडक कलमे आहेत. कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अडचण पुराव्याची आहे. आत्या रुग्णालयात गेली म्हणून कागदावर जखमेतील जंतुसंसर्गाची नोंद तरी झाली. केंद्रातच प्राण गेले असते, तर वार्धक्याने निधन एवढेच आम्ही मानले असते आणि त्याच संध्याकाळी सारे संपले असते. दुसरी भीती अशी की, गुन्हा दाखल झालाच तर पहिली सापडते ती रात्रपाळीची मावशी. आत्याच्या केंद्रात रात्री 22 खाटांना एकच बाई होती. तिने कोणाकोणाला आणि कितीदा वळवायचे? माणसे किती नेमायची हे ठरवणारा चालक तेव्हा घरी झोपलेला असतो, आणि माझ्या मते खरा आरोपी तोच आहे.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा मार्ग त्यामानाने सरळ आहे. शुल्क घेऊन दिलेल्या सेवेतील निष्काळजीपणा ही सेवेतील त्रुटी ठरते, ग्राहकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कायदेशीर वारसांना तक्रार करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. आत्याच्या मुलीने जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे, म्हणूनच केंद्राचे नाव येथे लिहीत नाही. चालकांनी ढाल म्हणून दाखवलेले ते हमीपत्र आम्हीच तक्रारीला जोडले आहे, कारण संस्थेने शुश्रूषा पत्करली होती हे त्यात त्यांच्याच शिक्क्यानिशी लिहिलेले आहे. विनामूल्य चालणाऱ्या आश्रमांतील निराधारांना मात्र हा मार्गही सहसा मिळत नाही.

पण हे सगळे जखम झाल्यानंतरचे. त्याआधी केंद्राच्या दारात कोणी अधिकारी जातो काय? 2007 च्या कायद्यात निराधारांसाठी शासकीय वृद्धाश्रमांची तरतूद आहे, खासगी केंद्रांच्या नोंदणीची सक्ती नाही. ती आणू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली. तरीही नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 मधील शुश्रूषागृहाच्या व्याख्येत आजारी आणि जखमी यांच्याबरोबर शारीरिक दुर्बलता असलेल्यांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा देणारी जागाही येते. नळीने अन्न भरवणारी, जखमांची मलमपट्टी करणारी आणि फलकावर 'चोवीस तास नर्सिंग' असे लिहिणारी जागा या व्याख्येबाहेर कशी, हे आरोग्य विभागाने लेखी सांगावे. 'आमचा वृद्धाश्रम आहे, हॉस्पिटल नव्हे' हे उत्तर शुल्क घेताना कोणी देत नाही.

सांगलीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले आणि 2021 मध्ये पुन्हा पूर आला. कोणत्या इमारतीत तळमजल्यावर किती माणसे अंथरुणाला खिळलेली आहेत, याची यादी नोंदणीशिवाय प्रशासनाकडे यायची कोठून? खानापूर-आटपाडीची मुले गलाईसाठी, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर आणि शहरातली पुण्या-मुंबईला असताना ही केंद्रे वाढणारच, आणि त्यांची गरजही आहे. महापालिका हद्दीत महापालिकेच्या आरोग्य विभागाने आणि बाहेर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने अशा प्रत्येक केंद्राची पावसाळ्यापूर्वी तपासणी करून ते 1949 च्या कायद्याखाली नोंदवावे, रात्रपाळीला किती खाटांमागे किती माणसे आहेत हे दारावर लावायला लावावे आणि कुशीवर वळवण्याची नोंदवही नातेवाइकांनी मागताच दाखवण्याची अट घालावी, अशी आपल्या पत्रामार्फत माझी मागणी आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
विश्रामबाग, सांगली