उशिराचं कारण

भिलवडी, जि. सांगली
12 जानेवारी

प्रिय सुहास,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उशिराचं कारण ऐकून हसशील, पण सांगतोच : बदकाचं पिल्लू सांभाळत होतो.

शेजारच्या काकूंनी खुडूक कोंबडीखाली बदकाची पाच अंडी ठेवलेली. कोंबडीची पिल्लं 21 दिवसांत निघतात, बदकाला 28 लागतात. बिचारी आठवडाभर जास्त बसली. चार पिल्लं निघाली तशी त्यांना घेऊन डालग्याबाहेर पडली. पाचवं मागाहून फुटलं. ओलं, गारठलेलं. काकू म्हणाल्या, "ते काय जगतंय? सोड नाद." मी नाद धरला.

चपलांचं खोकं घेतलं, पण पहिल्या आठवड्यात 32 अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि दुकानात सगळे एलईडी. उजेड भरपूर, ऊब नाही. शेवटी माळ्यावर 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब सापडला. थर्मामीटर कुठला! पिल्लू बल्बखाली आक्रसलं की गार लागतंय, चोच उघडून कोपऱ्यात गेलं की उकडतंय, एवढाच हिशेब. रात्री लाईट गेली की गरम पाण्याची बाटली आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आत. आई म्हणाली, "तुझ्या वेळी मी एवढं केलं नव्हतं."

सहाव्या दिवशी पाय वाकडे पडायला लागले. वाटलं, खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावरून घसरतंय. कागद काढून किलतान घातलं. फरक नाही. दुसऱ्या दिवशी तर उभंच राहीना, सरपटत वाटीपर्यंत जायचं. पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

"खायला काय घालता?"

"मक्याचा भरडा. अगदी बारीक करून." हे मी अभिमानानं सांगितलं, बरं का.

डॉक्टर म्हणाले, मक्यातलं नायासिन, म्हणजे एक बी जीवनसत्त्व, असं बांधलेलं असतं की पिल्लाच्या अंगी लागत नाही. त्यातून बदकाच्या पिल्लाला ते कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं, किलोभर खाद्यात 55 मिलिग्रॅम. म्हणजे रात्र-रात्र जागून मीच त्याला पांगळं करत होतो! येताना एसटीत कुणाशी बोललो नाही.

भरडा बंद केला. पिण्याच्या पाण्यात बी-कॉम्प्लेक्स, कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य आणि त्यात थोडं शेंगदाण्याचं कूट. डॉक्टरांनी बजावलं, दाणे ताजेच हवेत. बुरशी लागलेल्या दाण्याचं किंवा पेंडीचं विष बदकाच्या पिल्लांना फार लवकर बाधतं. पाण्याची वाटीही बदलली. नाकपुड्या बुडतील एवढं पाणी हवं, नाहीतर त्या चोंदतात. बुडू नये म्हणून आत नदीतले गोटे टाकले.

चौथ्या दिवशी उभं राहिलं. दोन पावलं टाकली आणि धप्प. आईनं देवापुढे साखर ठेवली, मला मात्र म्हणाली, "खोकं आधी साफ कर, वास मारतोय."

आता ते माझ्या मागं मोरीपर्यंत पळतं. उजवा पाय जरा फेंगडा राहिलाय.

तुझ्या बदलीचं पुढच्या पत्रात सविस्तर लिहितो. पुण्यात जुन्या बाजारात पिवळे बल्ब मिळाले तर येताना दोन-तीन आण. काकूंची दुसरी कोंबडी खुडूक झालीय, आणि या वेळी अंडी सात आहेत.

तुझा,
दिगू